स्वप्रकाशनाचं पॅकेज : सात महिन्यांनंतर

बाबांनी वहीत लिहिलेल्या पानशेत धरणफुटीच्या आठवणींचं पुस्तक करायचं म्हणून पुण्यातल्याच एकाकडून पॅकेज घेतलं. अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ, २०० प्रती आणि ई-बुक. नाव सांगत नाही, अनुभव सांगतो.

मुखपृष्ठ झकास. कागदही चांगला. बांधणी मात्र शिलाईची नाही, नुसता गोंद. आत्याने पुस्तक पालथं घालून ठेवत दोनदा वाचलं; तिसऱ्या वेळी पानं हातात.

खरी गंमत ई-बुकात. छपाईची फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखी ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फाँटात होती. ती कन्व्हर्टरमधून काढून तशीच चढवली. रूपांतरात ‘ऱ्य’चा सरसकट ‘र्य’ झाला. बाबांनी पूरग्रस्तांच्या छावणीबद्दल लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांनी भाताचं पातेलं चढवलं.’ ई-बुकात ते आचार्यांनी चढवलं. नात्यातल्या एका काकांचा फोन आला, “आचार्य म्हणजे अत्रे का रे?” शिवाय छापील ओळीच्या शेवटी शब्द तोडायला टाकलेली जोडरेघ मोबाइलवर ओळीच्या मधोमध उभी, आणि पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव दर दीड-दोन परिच्छेदांनी वाक्यात घुसलेलं.

संपादनाचं तर काय सांगावं! पहिल्या प्रकरणात धरण १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटतं (तेच बरोबर), पाचव्यात मध्यरात्री. बाबा ऐंशी पार केलेले, त्यांची गल्लत समजू शकतो. पण पैसे घेऊन वाचणाऱ्याला दिसू नये? वाचलंच नसणार, स्पेलचेकर फिरवला असेल. अर्थात प्रूफाची पीडीएफ रात्री अकराला मोबाइलवर वरवर चाळून ‘ओके’ पाठवणारा मीच. आणि ई-बुकाचं प्रूफ वेगळं मागावं लागतं, हे तर डोक्यातच आलं नाही.

शेवटी वेगळे पैसे मोजून एका निवृत्त मुद्रितशोधक बाईंकडे गेलो. त्यांनी प्रिंटआउट मागितला, मला वही मोठ्याने वाचायला लावलं आणि स्वतः लाल पेन घेऊन बसल्या. तीनशेच्या वर चुका निघाल्या. ई-बुकाची फाइल बदलली. ज्यांनी आधी उतरवून घेतलंय त्यांच्याकडे आचार्य अजून भात रांधतायत.

पाचपैकी दोन तारे, तेही मुखपृष्ठाचे. उरलेल्या प्रतींत चिकटवायला चिठ्ठ्या छापून आणल्या, तर वर ठळक अक्षरात ‘शुद्धीपत्र’. बाईंनी लाल पेनाने ‘द्धि’ ऱ्हस्व केला.