बार बँडसाठी अँप: डिलक्स रिव्हर्ब की हॉट रॉड डिलक्स?

गराज पंक (कच्चा, गोंगाटी रॉक), ब्लूज आणि ऑल्ट-कंट्री (रॉककडे झुकलेलं कंट्री) एकाच रात्री वाजवणाऱ्या अमेरिकन बार बँडच्या गिटारवाल्यापुढे बहुधा फेंडर कंपनीच्या अँपचे (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचे) हे दोनच पर्याय उरतात. दोन्हीत 12 इंची एकच स्पीकर.

डिलक्स रिव्हर्ब: 22 वॉट, आवाज वाढवणाऱ्या दोन 6व्ही6 ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या). व्हॉल्यूम 5-6 वर नेला की आवाज आपसूक फाटू लागतो. ब्लूजला तेच हवं. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की कंट्रीचा स्वच्छ टणत्कार परत. ट्रेमोलोही (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) आहे. पण ड्रमर जोरकस असेल तर स्वच्छ आवाज दबतो. स्पीकरसमोर माइक लावावाच लागतो.

हॉट रॉड डिलक्स: 40 वॉट, दोन 6एल6 ट्यूब. वॉट जवळपास दुप्पट, तरी फरक जेमतेम अडीच डेसिबलचा! स्वच्छ आवाज मात्र जास्त वेळ टिकतो. ट्रेमोलो नाही. ड्राइव्ह चॅनल (मुद्दाम फाटका आवाज देणारा) कर्कश, त्यापेक्षा स्वच्छ चॅनलवर फझ पेडल (आवाज फाडणारं पायाखालचं यंत्र) बरं. जुन्या मॉडेलांत व्हॉल्यूम 2 च्या आसपास एकदम उसळतो, छोट्या बारमध्ये भलताच त्रास.

पंक कमी, ब्लूज-कंट्री जास्त असेल तर डिलक्स रिव्हर्बच. अमेरिकेतून आणलेला 120 व्होल्टचा अँप भारतात थेट लावू नका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.