केळीचा पैसा आणि भाड्याचा फ्लॅट : ओव्हरड्राफ्ट गृहकर्जाचा पंधरा महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये मी जळगावात भाड्याने देण्यासाठी दोन बेडरूमचा तयार फ्लॅट घेतला आणि त्यासाठी साधे गृहकर्ज न घेता ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे कर्ज घेतले, म्हणजे ज्याच्या खात्यात जास्तीचे पैसे ठेवून व्याज वाचवता येते आणि लागतील तेव्हा ते परत काढता येतात. मी भुसावळला शिक्षिका आहे. सावद्याजवळची वडिलांची चार एकर केळीची बाग आता माझ्या नावावर आहे. पगार दरमहा येतो, पण केळीचे पैसे बाग कापल्यावर एकदम हातात पडतात आणि पुढच्या लागवडीच्या वेळी पुन्हा लागतात. मधल्या चार-पाच महिन्यांत ते बचत खात्यात पडून राहण्यापेक्षा कर्जखात्यात राहावेत, एवढाच माझा विचार होता.

फ्लॅट ३८ लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च धरत नाहीत. त्यामुळे ३० लाख कर्ज, वरचे ८ लाख स्वतःचे आणि शुल्क, नोंदणी, वकिलाची फी मिळून आणखी सव्वादोन लाख, असा हिशेब बसला. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर असल्याने महिलांना मिळणारी मुद्रांक शुल्कातील १ टक्का सवलत मिळाली. ३८ हजार रुपये वाचले. नव्या खरेदीदार भगिनींनी हे आधीच ठरवावे, कारण करारनाम्यात खरेदीदार म्हणून पुरुषाचे नाव आले की ही सवलत जाते.

या कर्जात हप्ता कमी होत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच नीट समजून घ्यावे लागले. वीस वर्षांच्या मुदतीत सुरुवातीच्या पावणेनऊ टक्क्यांनी हप्ता साडेसव्वीस हजारांचा येतो. तुम्ही जास्तीची रक्कम ठेवली तरी हप्ता तोच राहतो. व्याज मात्र रोजच्या शिल्लक रकमेवर आकारले जात असल्याने त्याच हप्त्यातून मुद्दल अधिक फिटते. जानेवारीत कांदेबागेचे, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीचे, सहा लाख मी खात्यात टाकले आणि ते जूनपर्यंत राहिले. तेवढ्यात सुमारे एकवीस हजारांचे व्याज वाचले.

मोठी अडचण आली ती जूनमध्येच. मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीसाठी, टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपे सांगून ठेवली होती, रोपवाटिकेचा फोन आला आणि मी पैसे काढायला गेले, तर खात्यात काढता येण्याजोगी रक्कम शून्य दाखवत होती. शाखेतील कर्मचाऱ्याने माझा भरणा ‘कर्जाची अंशतः परतफेड’ म्हणून नोंदवला होता, म्हणजे माझे सहा लाख कर्जात कायमचे जिरले होते. जानेवारीची पावती मी जपून ठेवली होती म्हणून दाद मागता आली. तरी नोंद दुरुस्त व्हायला एकोणीस दिवस लागले आणि रोपांसाठी भावाकडून हातउसने घ्यावे लागले. पाऊस तोंडावर असताना रोपवाटिकेतली रोपे थांबत नाहीत. आता प्रत्येक भरण्यानंतर त्याच दिवशी उपलब्ध मर्यादा, म्हणजे काढता येण्याजोगी रक्कम, किती वाढली ते मी तपासते. ही मर्यादा हप्त्यागणिक हळूहळू कमीही होत जाते, म्हणून ती वर्षातून दोनदा तरी लिहून ठेवावी.

व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी) जोडलेला असल्याने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला, तसा माझाही दर उतरला; मात्र बँक तो दर तीन महिन्यांनी बदलते, त्यामुळे लाभ उशिरा मिळतो.

भाड्याचे चित्र मात्र मी ठरवले होते त्यापेक्षा फिके आहे. महिना १०,५०० रुपये भाडे, वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा, सोसायटीची देखभाल आणि महापालिकेची घरपट्टी वजा जाता हाती साडेसत्त्याण्णव हजारांच्या आसपास उरतात. सव्वाचाळीस लाखांच्या गुंतवणुकीवर हा परतावा अडीच टक्क्यांच्या आतच आहे. हप्त्याचा उरलेला भार पगार आणि बागच उचलतात, हे मान्य करूनच खान्देशात भाड्यासाठी घर घ्यावे. प्राप्तिकराच्या नव्या करप्रणालीत व्याज भाड्यातून वजा होते, पण उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. मी जुन्या प्रणालीतला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करण्याचा लाभ मनात धरला होता आणि निवडली मात्र नवी, त्यामुळे माझा वर्षाचा अंदाज चुकला. लागवडीसाठी काढलेल्या पैशावरचे व्याज घराच्या व्याजात धरता येत नाही, म्हणून तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

भाडेकरार मी ऑनलाइन नोंदवला. आमच्याकडे अजून अनेक जण साध्या स्टॅम्पपेपरवर भागवतात, पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा भाडेकरार) नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

कर्ज मी बदललेले नाही. यंदाची कांदेबाग कापल्यावर साडेपाच लाख त्याच खात्यात टाकले आहेत. मे महिन्यातल्या वादळात केळी आडवी झाली, तर दुसऱ्या दिवशी मजुरांना द्यायला तेच पैसे लागतील. दुसऱ्या फ्लॅटसाठी चौकशी करणाऱ्या दलालाला मी तूर्त नकार कळवला आहे.