गोव्यात हिवाळा काढायचा तर कॅराव्हॅन की भाड्याचं घर?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे गोव्यात राहण्याचे खरे महिने. पाऊस सरलेला असतो, दुपारी पारा 32-33 अंशांच्या फारसा वर जात नाही आणि रात्री 20 च्या आसपास उतरतो. देशावरच्या थंडीत ज्यांचे गुडघे धरतात त्यांना ही हवा चांगलीच मानवते. त्यामुळे निवृत्तीनंतर दोघांनीच तिकडे हिवाळा काढावा, असं आमच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या मनात असतं. अलीकडे त्यात कॅराव्हॅनची भर पडली आहे. घरच चाकांवर असेल, तर कुणाचं भाडं नको नि सामानाची बांधाबांध नको, असा त्यामागचा विचार.

आम्ही दोघं दोन्ही पद्धतींनी राहिलो आहोत. माझं मत आधीच सांगते. दहा-पंधरा दिवस फिरायचं असेल तर कॅराव्हॅनसारखी मजा नाही. महिना-दोन महिने राहायचं असेल तर घर घ्या, आणि तेही किनाऱ्यापासून थोडं आत. आता कारणं सांगते, कारण तुमची गरज वेगळी असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

दुपार कुठे काढणार?

कॅराव्हॅनचा विचार करताना सगळे सकाळ आणि संध्याकाळ डोळ्यांसमोर आणतात. दार उघडलं की समोर समुद्र, हातात चहा. तो आनंद खराच आहे, पण दिवसातली सगळ्यात अवघड वेळ असते दुपारी बारा ते चार. गोव्यात या वेळात बहुतेक दुकानं बंद असतात, गाव झोपतं, आणि उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. मग एसी लावावा लागतो. एक टनाचा एसी साधारण 1000 वॅट खेचतो. गाडीतली 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 2.4 युनिट. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे एसी चालणार जेमतेम तासभर. लिथियमची असेल तर दोन तास धरा. थोडक्यात, कुणाच्या तरी घरातून किंवा रिसॉर्टमधून वीज घेतल्याशिवाय दुपार निघत नाही.

सावलीत लावू म्हणाल, तर गोव्यातली सावलीसुद्धा पारखून घ्यावी लागते. माडाची सावली विरळ, आणि वरून नारळ किंवा अख्खी झावळी पडली तर काच आणि सोलर पॅनल दोन्ही जातात. आंब्याखाली गारवा छान, पण डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की तुडतुड्यांमुळे पानांवरून बारीक चिकटा गळत राहतो. सकाळी टपावरून बोट फिरवलं तर बोटाला चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि पॅनलची ताकद उतरते. फणस किंवा काजूखाली जागा मिळाली तर उत्तम. सावलीत सोलर चालत नाही आणि उन्हात माणूस बसू शकत नाही, हा पेच काही सुटत नाही. तेव्हा सावली घ्या आणि वीज वायरीनं आणा. त्यासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची चांगली केबल आणि 16 अँपिअरचा प्लग स्वतःजवळ ठेवा. जोडण्याआधी त्या घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर ओल्या पायानं गाडीच्या पायरीला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

घरात हा प्रश्नच नाही. जुन्या कौलारू घराच्या जाड चिऱ्याच्या भिंती आणि उंच छत, त्यामुळे पंख्यावर दुपार निघते. पुढे सोपा किंवा बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) असेल तर तिथे आरामखुर्ची टाकून पेपर वाचत बसता येतं. साठीनंतर दुपारची झोप नीट झाली की दिवस चांगला जातो, असं मला तरी वाटतं.

पाणी आणि संडास

या विषयावर कुणी मोकळं बोलत नाही, पण निर्णय खरं तर इथेच होतो. 100 लिटरची टाकी दोन माणसांना काटकसरीनं अडीच-तीन दिवस पुरते. संडासाची कॅसेट, म्हणजे काढून रिकामी करायची टाकी, साधारण 20 लिटरची, तीही दोन-तीन दिवसांत भरते. रात्री दोन-तीनदा उठावं लागणाऱ्यांची त्याहून लवकर. ती कुठे रिकामी करणार? किनाऱ्यावर त्यासाठी सार्वजनिक सोय मला कुठे आढळली नाही. ज्याच्या आवारात गाडी लावाल त्याच्या सेप्टिक टँकचाच आधार, आणि तोही त्याला विचारून. कॅसेटमध्ये फॉर्मलीनवालं निळं रसायन टाकत असाल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, म्हणून एन्झाइमवालं द्रावण वापरा. आणि काहीही झालं तरी रेतीत खड्डा करून ओतू नका. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये विहीर दहा-पंधरा पावलांवर असते आणि रेतीतून सगळं झिरपतं. ते पाणी तिथली माणसं पितात.

भरलेली कॅसेट उचलायची म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन. कंबरदुखी असलेल्यानं हे काम दर दोन-तीन दिवसांनी कोण करणार, हे घरातून निघण्याआधी ठरवावं. आमच्याकडे ते ह्यांनी केलं, आणि त्यांच्या पाठीनं ते दाखवून दिलं.

भाड्याच्या घराचं पाहताना तळमजला, कमोड आणि न्हाणीघरात धरायला दांडा, एवढं आधी बघा. दांडा नसेल तर मालकाला सांगून बसवून घ्या, खर्च किरकोळ असतो. पाणी नळाचं की विहिरीचं, हेही विचारा. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर मचूळ होऊ लागतं.

गाडी लावायची कुठे

किनाऱ्यावरच गाडी उभी करून तिथेच चूल मांडायची, हे चित्र मनातून काढून टाका. गोवा सरकारनं 2019 साली कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं दंडनीय केलं. पुळणीवर गाडी नेण्यालाही मनाई आहे. हे नियम मला पटतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यातच ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटं चिरडू शकतं आणि गाडीच्या दिव्यांनी पिल्लं दिशा चुकतात. पिल्लू उजेडाकडे जातं, आणि तो समुद्राच्या उलट्या बाजूला असेल तर तिकडेच सरपटत राहतं.

तेव्हा गाडी लावायची ती खासगी आवारात, मालकाच्या परवानगीनं. आगोंद, पाळोळे, हरमल या भागांत युरोपातून गाड्या घेऊन येणारे प्रवासी पूर्वीपासून उतरत आले आहेत, त्यामुळे तिथल्या काही लोकांना ही पद्धत ठाऊक आहे. बाणावली-वार्का भागात आवारं मोठी, पण वाड्यांमधले रस्ते अरुंद, दोन्हीकडे गडगे, आणि वरून केबलवाल्यांच्या लोंबत्या वायरी. तीन मीटर उंच गाडी आत घालण्याआधी चालत जाऊन वर बघून या. काणकोणला, म्हणजे आगोंद-पाळोळ्याच्या तालुक्यात, जायचं तर करमळ घाटाची वळणं आहेत. दिवसा जा, घाई करू नका.

आणखी एक. भाड्यानं मिळणारी कॅराव्हॅन बहुधा ड्रायव्हरसकट येते. चार दिवसांच्या सहलीला ते सोयीचं, पण महिनाभर त्या माणसानं झोपायचं कुठे? त्याची खोली आणि भत्ता धरला की हिशेब घराच्याही वर जातो. स्वतः चालवणार असाल तर लायसन्स तपासा. वयाच्या 55 नंतर नूतनीकरण 5 वर्षांचंच होतं आणि डॉक्टरी दाखला लागतो.

उत्तरेला की दक्षिणेला

घर घ्यायचं ठरलं तर पुढचा प्रश्न हा, आणि इथे माझा कल स्पष्ट आहे. मराठी माणसाला उत्तर टोकाचा पेडणे तालुका घरच्यासारखा वाटतो. देवळातली भजनं आणि आरत्या मराठी, दुकानात मराठी पेपर, आणि सावंतवाडीकडून येणारी बोली कानाला ओळखीची. कार्तिकापासून जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळापुढच्या मांडवात दशावतार रात्रभर चालतो, गावातली मुलं मराठी नाटक बसवतात. पौष पौर्णिमेच्या सुमाराला म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा भरते. संध्याकाळी जायला ठिकाण असलं आणि तिथे चार माणसं ओळखीनं बोलली, तर परगावी राहणं जड जात नाही. कॅराव्हॅनमध्ये आम्हाला हेच मिळालं नव्हतं. शेजार जुळायला आठ-पंधरा दिवस एका जागी राहावं लागतं, आणि चाकं असली की आपण राहत नाही.

हरमल किंवा मोरजीच्या किनाऱ्यालगत मात्र घर घेऊ नका. डिसेंबरात तिथे रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात आणि भाडी दिवसाच्या हिशेबानं सांगतात. पार्से, तुये, कोरगाव असं आतलं गाव बघा. समुद्र गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर, सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू दारात, आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार. तिथून आणलेली हिरवी मिरची, गावठी लाल भाजी आणि ताजे बांगडे असले की आणखी काही लागत नाही.

दक्षिणेचीही बाजू भक्कम आहे. बाणावलीहून मडगाव 6-7 किलोमीटर, म्हणजे स्टेशन, बाजार, जिल्हा इस्पितळ सगळं हाताशी. पुळण रुंद आणि सपाट, चालायला फार छान. भाषा कोंकणी, पण हिंदीवर काम चालतं. ज्यांना शांतता हवी आणि गाणं-भजनाची फारशी ओढ नाही, त्यांनी सासष्टीच, म्हणजे बाणावली-मडगावचा हा तालुकाच, निवडावी. काणकोण सगळ्यात सुंदर, यात वाद नाही. पण आगोंद-पाळोळ्याहून मडगाव 40 किलोमीटरच्या आसपास आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज त्याहून बरंच पुढे. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे अंतर मनात धरूनच ठरवावं. 108 ची रुग्णवाहिका गोव्यात आहे, पण घाटातला वेळ तिलाही लागतोच. पेडण्याहून आधी म्हापशाचं जिल्हा इस्पितळ लागतं, मग बांबोळी.

पैशांचं थोडक्यात सांगायचं तर घराचं भाडं महिन्याच्या बोलीवर ठरवलं की बरंच उतरतं, आणि 20 डिसेंबर ते 5 जानेवारी हे दिवस त्यातच धरून घेतले पाहिजेत. नाहीतर नेमक्या त्या पंधरवड्यात जागा मोकळी करायला सांगतात. करार लेखी करा. भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्यावी लागते, त्यासाठी दोघांच्या आधारच्या प्रती आणि फोटो बरोबर ठेवा. कॅराव्हॅनमध्ये जागेचं भाडं कमी, पण डिझेल, खाऱ्या हवेनं गंजणाऱ्या बिजागऱ्या आणि दर आठवड्याला गोड्या पाण्यानं खालची बाजू धुण्याचं काम असतं.

कॅराव्हॅन कुणासाठी

कॅराव्हॅन काही जणांसाठी नक्की आहे. पथ्य कडक असल्यानं बाहेरचं खाणं ज्यांना चालत नाही, ज्यांना स्वतःचा बिछाना आणि स्वतःचा संडास लागतो, किंवा ज्यांच्याबरोबर कुत्रा आहे, त्यांना ती फार मोठा आधार देते. वाटेचाच आनंद हवा असलेल्यांनाही. संकेश्वरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत बांद्याला उतरणं, वाटेत दोन मुक्काम, मग पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरणं, हा प्रवास गाडीतल्या घरानं करण्यासारखाच आहे. डिझेल पत्रादेवीच्या पलीकडे भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं.

दोन्हींची सांगडही घालता येते, आणि स्वतःची गाडी असेल तर मी तीच सुचवेन. आवार असलेलं घर महिन्याच्या बोलीवर घ्या, गाडी आवारात ठेवा, आणि मधूनच तीन-चार दिवस तेरेखोल, काणकोण किंवा पार कारवारपर्यंत जाऊन या. टाकी आणि कॅसेट दोन्ही घरी परतून रिकामी करता येतात, म्हणून रस्त्यावर काळजी राहत नाही.

घर शोधायचं काम गणेशचतुर्थी झाली की लगेच सुरू करा. दिवाळीपर्यंत चांगली तळमजल्याची घरं उठलेली असतात. फोटोंवर जाऊ नका. दोघांपैकी एकानं तरी आधी रेल्वेनं थिवीला किंवा मडगावला उतरून जागा डोळ्यांनी बघावी, शक्यतो दुपारी दोन वाजता. त्या वेळी खोलीत किती उकडतं, नळाला पाणी येतं का आणि शेजारी कुणी आहे का, हे तिन्ही एकदमच कळतं.