प्रॉक्सीसाठी सायफर: एईएस-जीसीएम की चाचा२०?

एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी या प्रॉक्सींवर (ग्राहक आणि मूळ सर्व्हर यांच्या मध्ये बसणारे सर्व्हर) टीएलएस टर्मिनेट करताना, म्हणजे ग्राहकाकडून आलेली कूटबद्ध जोडणी तिथे उलगडताना, आज विचारात घ्यावेत असे सायफर (कूटबद्ध करायच्या पद्धती) दोनच: एईएस-जीसीएम आणि चाचा२०-पॉली१३०५. आरसी४, थ्रीडीईएस आणि सीबीसीवाले हे जुने सायफर यादीतून सरळ काढून टाका. उरलेले दोघेही भक्कम आहेत, त्यामुळे निवड प्रोसेसर बघून करायची.

प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास इन्स्ट्रक्शन (चिपमध्येच बसवलेल्या आज्ञा) असतील (इंटेलने त्या २०१० मध्ये आणल्या), तर एईएस-जीसीएम चांगलाच पुढे राहतो. नसतील तर तो रेंगाळतो, आणि टेबल वापरून लिहिलेला असेल तर कॅशेला (प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीला) लागणाऱ्या वेळेवरून किल्ली फुटण्याचाही धोका असतो. चाचा२० नुसती बेरीज, एक्सऑर (बिटांची साधी तुलना) आणि बिट फिरवणं यांवर चालतो, म्हणून साध्या चिपवरही पळतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर या इन्स्ट्रक्शन नाहीत, ५ वर आहेत. म्हणजे ४ वर चाचा२० घ्या, ५ वर एईएस.

व्हर्च्युअल मशीनवर आधी सीपीयूच्या फ्लॅगमध्ये (प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत) एईएस दिसतो का ते बघा. क्यूएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं सर्वसाधारण सीपीयू मॉडेल निवडलेलं असेल, तर खालच्या यंत्रात सोय असूनही ती आत पोचत नाही. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करा, मग ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीची स्पीड कमांड ईव्हीपी (-evp) पर्यायासह चालवून दोन्ही सायफर मोजा.

ग्राहक मोबाइलवरचे असतील तर सायफरचा पसंतीक्रम त्यांनाच ठरवू द्या. एनजिनएक्समध्ये सर्व्हरची पसंती मुळात बंदच असते, ती तशीच ठेवा. एचएप्रॉक्सीत सर्व्हरची पसंती चालते, पण ओपनएसएसएल १.१.१ पासून ग्राहकाच्या यादीत चाचा२० सर्वांत वर असेल तर तोच दिला जातो. एईएसमध्ये किल्ली १२८ बिटांची की २५६? १२८ ला १० फेऱ्या, २५६ ला १४. नियमाने २५६ मागितलं नसेल तर १२८ पुरे.

एनजिनएक्सची नेहमीची सायफर यादी टीएलएस १.३ या नव्या आवृत्तीला लागूच होत नाही. यादी बदलूनही फरक पडत नाही तो यामुळे. १.३ साठी एनजिनएक्सच्या आवृत्ती १.१९.४ पासून वेगळी सोय आहे, एचएप्रॉक्सीतही १.३ ची ओळ वेगळी. टीएलएस १.२ मध्ये सर्टिफिकेट ईसीडीएसए प्रकारच्या किल्लीचं आणि यादीत फक्त आरएसए या दुसऱ्या प्रकारचे सायफर असतील, तर हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) ‘नो शेअर्ड सायफर’ म्हणत तुटतो.

सायफरपेक्षा मोठं भोक मागच्या बाजूला राहतं. एनजिनएक्स बॅकएंडशी (मागच्या मूळ सर्व्हरशी) टीएलएस बोलतो तेव्हा समोरचं सर्टिफिकेट मुळात तपासतच नाही. ती तपासणी चालू करा आणि विश्वासू सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) फाइल द्या. एचएप्रॉक्सीला मात्र तपासणी बंद करायला स्पष्ट सांगावं लागतं.