अलॉयच्या सेंटर रिंगा: स्टिअरिंगची थरथर गेली, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर लिहितोय

सेंटर रिंग म्हणजे अलॉय रिमचं मधलं भोक आणि हब (गाडीचा जो गोल भाग चाकाच्या मधल्या भोकात बसतो तो) यांच्यातली मोकळी जागा भरणारी कडी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, पुणे-कोल्हापूर येणंजाणं कायम. बाहेरून 15 इंची अलॉय टाकले, टायर 185/65, आणि तेव्हापासून खेड शिवापूरचा टोलनाका सोडून काटा 85 वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. 90-95 ला सगळ्यात जास्त, शंभराला टेकेपर्यंत थोडं निवळायचं. गावात 50-60 ला काहीच नाही, त्यामुळे टायरवाल्याला दाखवायला न्यावं तर तो बाहेरच्या रोडवर एक चक्कर मारून येणार आणि म्हणणार, दादा गाडी तर मस्त चाललीय.

चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, मशीनच्या स्क्रीनवर रिमच्या दोन्ही बाजूला वजनाचा फरक शून्य. तरी थरथर. दुसरीकडे केलं, तिथेही शून्य आणि वर अलाइनमेंटचं बिल. आता अलाइनमेंटचा या दुखण्याशी फारसा संबंध नसतो, अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो, ठराविक स्पीडला हात थरथरवत नाही, पण दुकानात थरथर म्हटलं की आधी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवरच चढवतात. एका गॅरेजवाल्याने तर गाडी न चालवताच लोअर आर्म आणि टाय रॉड एंड (चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे खालचे पार्ट) बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. नको म्हटलं.

कारण एक गोष्ट खटकत होती. चाकं काढून परत बसवली की थरथर दरवेळी वेगळी. कधी कमी, कधी इतकी की मोबाईलच्या होल्डरमधला मोबाईल पण नाचायचा. टायरला टेंगूळ आलं असतं किंवा रिम वाकली असती तर दरवेळी तेवढंच जाणवलं असतं ना? मग माळ्यावरच्या जुन्या स्टीलच्या रिमा टायरसकट काढल्या, त्या पुढे लावून हायवेला गेलो, स्टिअरिंग एकदम गप्प. म्हणजे आर्म बिर्म, बॉल जॉइंट सगळे ठीक, भानगड अलॉय आणि हबच्या मध्ये.

स्विफ्टचा हब 54.1 मिमीचा. बाहेरचे बरेच अलॉय मधल्या भोकाला 73.1 मिमीचे येतात, एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना खपवता यावी म्हणून. चार नटांचं 4x100 माप (100 मिमी व्यासाच्या गोलावर चार नट) जुळलं की दुकानदार म्हणतो बसलं, पण मध्ये सगळीकडून साडेनऊ मिमी मोकळी जागा, चाक फक्त चार नटांच्या भरवशावर. नटाचं तोंड निमुळतं असतं, ते चाक मध्यावर आणतं हे खरं, पण त्यासाठी चाक हवेत असताना नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायला लागतात. इथे पोरगं एअर गन घेऊन पहिलाच नट गच्च करतं, मग बाकीचे. चाक केसभर सरकून बसतं ते तसंच राहतं. चाक आणि टायर मिळून 15 किलो धरा, अर्धा मिमी जरी सरकलं तरी रिमच्या कडेला जवळपास 40 ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं होतं, आणि 90 च्या स्पीडला ते सेकंदाला साधारण 13 वेळा पाचेक किलोच्या जोराने हिसके देतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूसारख्या निमुळत्या तुकड्याने बरोबर मध्ये धरलेलं असतं म्हणून तिथे शून्य. मशीन खोटं बोलत नव्हतं, गाडीवर चाक तसं बसतच नव्हतं.

तर बाहेरून 73.1 आतून 54.1 अशा ॲल्युमिनियमच्या रिंगा मागवल्या, चारचा सेट हजाराच्या आत. मागवण्याआधी स्वतःच्या रिमचं भोक व्हर्नियरने मोजा, सगळ्यांचं 73.1 च असतं असं नाही. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, रिंग हाताने दाबून टच्च बसली पाहिजे, हलली तर माप चुकलं. नट हाताने लावले, मग पान्याने समोरासमोर, गाडी खाली घेऊन शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर. त्याच दिवशी खंबाटकी उतरून साताऱ्यापर्यंत 90-95 ने गेलो, थरथर गेलेली. अजूनही गेलेलीच आहे, मध्ये टायर रोटेशन झालं, पंक्चरसाठी चाक निघालं, परत बसवल्यावर फरक नाही.

प्लॅस्टिकच्या रिंगा स्वस्त मिळतात, काम त्याही करतात, पण घाटात ब्रेक तापतात आणि मला त्या उष्णतेत प्लॅस्टिक नको होतं. ॲल्युमिनियमचा त्रास वेगळा. पावसाळ्यात हबच्या लोखंडाला धरून बसतात, ऑगस्टमध्ये पुढचं डावं चाक निघेना, टायरवर लाथा घालाव्या लागल्या. आता हबवर अगदी पातळ ग्रीसचा हात फिरवतो, नटांना आणि डिस्कला लागू न देता.

तुमची थरथर वेगळी असेल तर रिंगा घेऊन पैसे घालवू नका. फक्त ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतं, तर डिस्क बघा. सीट आणि फ्लोअर थरथरतो पण हात शांत, तर मागची चाकं. 30-40 लाच गाडी डुलते, तर टायर फिरवून टेंगूळ शोधा, ते सापडलं तर हायवेला जाऊच नका. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि सोडला की बंद, तर ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला इंजिनची ताकद पोचवणारा दांडा) आतला जॉइंट. आणि पावसाळ्यात अचानक सुरू झाली तर आधी रिमच्या आतला सुकलेला चिखल खरवडा, माझ्या भावाची गाडी तेवढ्यावरच बरी झाली.

एक गोष्ट विकणारा सांगत नाही. स्टेपनी स्टीलची असेल तर तिचं भोक हबच्याच मापाचं असतं, रिंग हबवर अडकून राहिली तर स्टेपनी बसणारच नाही. रात्री हायवेला हे कळायला नको, जॅकच्या पिशवीत एक जाड चपटा स्क्रू ड्रायव्हर टाकून ठेवा आणि रिंग काढायची घरीच एकदा करून बघा.