मिरजेतील अखलाकचा उन्हाळी वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरातील एका मक्तबमध्ये (मुलांच्या प्राथमिक धार्मिक शाळेत) सुट्टीत भरणारा अखलाकचा, म्हणजे इस्लामी सदाचार आणि शिष्टाचाराचा, वर्ग माझ्या मुलाने नुकताच पूर्ण केला. फी नाममात्र असून जागा मात्र अपुरी आहे.

या वर्गाचे खरे बळ शिकवण्याच्या पद्धतीत आहे. कुरआनच्या १७ व्या सूरेतील (अध्यायातील) २३ व २४ या आयतींत (वचनांत) वृद्ध आई-वडिलांपुढे ‘उफ्’ही न काढण्याची आणि त्यांच्यासाठी दुआ मागण्याची आज्ञा आहे, ती पाठ करून घेतल्यावर उस्ताद प्रत्येक मुलाला घरी करायचे एक काम नेमून देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब विचारतात. आमच्या चिरंजीवांनी दादीचा चष्मा पुसून तिला औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचून दाखवली, तीही न सांगता, हे विशेष! लहानाने मोठ्याला आधी सलाम करावा ही हदीस (पैगंबरांची शिकवण) शिकवताना, शेजारच्या देशपांडे आजोबांसारखे कोणी आले तर उठून जागा द्यावी आणि ‘अरे-तुरे’ करू नये, हेही ते आवर्जून सांगतात.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. सर्व स्पष्टीकरण उर्दूत होते आणि मराठी माध्यमातील मुले अर्थ न कळताच माना डोलावतात, त्यामुळे मराठीत छापलेले टिपण द्यायलाच हवे. सात वर्षांखालील मुलांना एवढे पाठांतर झेपणार नाही. त्याहून मोठ्यांना मात्र जरूर पाठवावे.