नवा बेस घ्यावा की थिअरीची शिकवणी लावावी?

दोन-एक वर्षं बेस गिटार वाजवून झाली, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा गावातल्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली, की हा प्रश्न पडतोच. हाताशी तीस-चाळीस हजार रुपये आहेत. एवढ्यात सध्याच्यापेक्षा बरा बेस येईल, नाहीतर बरेच महिने शिकवणी लावता येईल. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्यांदा आहे तो बेस नीट लावून घ्या, मग थिअरी (सूर आणि कॉर्ड यांचं शास्त्र) शिका, नवं वाद्य शेवटी. याला काही खरे अपवाद आहेत, ते ओघात येतीलच.

आधी हातातल्या बेसची तपासणी

'हा बेस बेकार आहे' असं वाटणाऱ्या बऱ्याच वाद्यांचं दुखणं निव्वळ सेटअपचं, म्हणजे मान आणि तारा नीट जुळवण्याचं, असतं. एका हाताने पहिला फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) दाबा (तारा दाबून ठेवणारा चिमटा, म्हणजे कॅपो, असेल तर उत्तम), दुसऱ्या हाताने शेवटचा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटचा माथा यांत किती फट आहे ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. साधारण 0.3 मिमी हवी. फट अजिबात नसेल तर पहिल्या पाच फ्रेटवर तारा खरखरतात. एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर मधल्या फ्रेटवर दाबताना बोटं मोडतात. ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा: आवळला की फट कमी होते, सैल केला की वाढते. फिरवल्यावर पुन्हा सूर लावायचा आणि मगच मोजायचं. रॉड हट्टाला पेटला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करायचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीला जाऊन भिडतो.

त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे 2.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमी हे फेंडर या गिटार कंपनीचं माप बहुतेकांना चालतं. वरच्याच फ्रेटवर खरखर येत असेल तर सॅडल (तळाशी तार टेकते तो आधार) थोडं उचला. एकाच फ्रेटवर येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आला आहे, तिथे सॅडल कितीही फिरवून उपयोग नाही. सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनर बघायचा. सूर चढा लागला तर सॅडल मागे घ्यायचं, उतरा लागला तर पुढे. जुन्या, मेलेल्या तारांवर हे करत बसू नका. त्यांचा सूर कुठेच स्थिर मिळत नाही.

मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळा आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा तरी ही तपासणी लागते. दमट हवेत बहुतेक नेक (वाद्याच्या माना) पुढे वाकतात आणि तारा उचलल्या जातात, कोरड्या हवेत उलट होतं. जूनमध्ये बेस 'जड' वाटायला लागला म्हणून जुलैत नवा घेणारे लोक आहेत.

पी की जे, आणि तारांचं काय

नवा घ्यायचाच असेल तर दुकानात दिसणारे निम्मे बेस दोन जुन्या आराखड्यांवरून निघालेले असतात: 1951 चा फेंडर प्रिसिजन (पी) आणि 1960 चा जाझ (जे). दोघांची तारेची लांबी सारखीच, 34 इंच. प्रिसिजनला 1957 पासून दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक आणि गुंडाळी) आहे. त्याची रचनाच अशी की बाहेरची घुंई आपोआप कटते. आवाज भरीव आणि मधल्या पट्टीत ठसठशीत, बँडच्या गोंधळात हरवत नाही. जाझला दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप असतात आणि नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) नेक चिंचोळा, सुमारे 38 मिमी. प्रिसिजनचा नेक तिथे 41 ते 44 मिमी असतो. लहान हातांना हा फरक पिकअपपेक्षा जास्त जाणवतो.

जाझमध्ये आवाजाचे पर्याय जास्त, पण एक गोम आहे. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तेव्हाच घुंई कटते. एक बटण कमी केलं की ती परत येते, आणि मंडपात लाइटच्या डिमरशेजारी उभं राहायचं असेल तर चांगलीच ऐकू येते. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर वाजवणाऱ्याला आम्ही प्रिसिजनच सुचवू. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला, स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोके देऊन वाजवणं) शिकणाऱ्याला जाझ.

अॅक्टिव्ह (आत विजेचं सर्किट असलेल्या) बेसबद्दल एवढंच: आत 9 व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, वाजवा अथवा न वाजवा. रात्रभर केबल लावून ठेवली की ऐन कार्यक्रमात आवाज आधी फाटतो, मग बसतो. खिशात एक बॅटरी कायम ठेवायची.

बेस बदलण्याआधी तारा बदलून बघाच. राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारा चकचकीत, धातूचा नाद देणाऱ्या. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं असलेल्या) गुळगुळीत, ठोस आणि लवकर विझणाऱ्या. बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत जाड फ्लॅटवाउंड तारा लावलेला एकच प्रिसिजन वर्षानुवर्षं वाजवला, तोही उजव्या हाताच्या एका तर्जनीने आणि बऱ्याचदा अँपशिवाय थेट कन्सोलमध्ये (स्टुडिओच्या मिक्सरमध्ये). जुन्या हिंदी गाण्यांचा गोल खर्ज हवा असेल तर फ्लॅटवाउंड तारांचा एक संच तुम्हाला नव्या बेसपेक्षा जास्त जवळ नेईल. फक्त त्यांचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे ट्रस रॉड पुन्हा बघावा लागतो.

पाचवी तार: पहिला खरा अपवाद

चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन, 41 हर्ट्झ. आपल्याकडे पुरुष गायक सर्रास काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. काळी एकचा षड्ज चार तारांवर सर्वांत खाली मिळतो तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, 69 हर्ट्झला. त्याखालचा सी शार्प चार तारांच्या बेसवर नाहीच. पाच तारांवर तो बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे. भजन-भावगीतांच्या कार्यक्रमांत रोज याच पट्ट्यांत वाजवत असाल तर पाच तारांचा बेस ही कामाची गरज आहे. पण तो 34.6 हर्ट्झचा सूर छोट्या अँपमधून ऐकूच येत नाही, फक्त त्याचे वरचे स्वरांश ऐकू येतात. 15 वॉटच्या सरावाच्या अँपसाठी पाच तारा घेण्यात अर्थ नाही.

अँपचा विषय निघालाच आहे तर: ड्रमरबरोबर वाजवायला 200-300 वॉटच्या खाली भागत नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, तेव्हा 100 वरून 150 वर जाणं म्हणजे पैसे वाया. कमीत कमी 4 ओमचा भार झेलणाऱ्या अँपला 8 ओमचे दोन स्पीकर चालतात, तिसरा जोडला की भार 2.7 ओमच्या खाली येतो आणि अँप बंद पडतो किंवा जळतो. बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाल्याचा मिक्सर असतोच, तिथे एक चांगला डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडणारी डबी) पुरतो. मिक्सरच नसलेल्या ठिकाणी नेहमी वाजवत असाल तर मात्र शिकवणीआधी अँप. हा दुसरा अपवाद.

शिकवणीच्या पैशांत नेमकं काय मिळतं

बहुतेक स्वयंशिक्षित बेसवादकांचा हात एका आकारावर बसलेला असतो: मूळ सूर, पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर पंचम, त्याच्या पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला वरचा षड्ज. ए तारेचा दुसरा फ्रेट बी, डी तारेचा चौथा एफ शार्प, जी तारेचा चौथा वरचा बी. हे नव्वद टक्के वेळा खपतं, कारण मेजर आणि मायनर दोन्ही कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या संचात) पंचम तोच असतो. मग ए मायनरमधल्या एखाद्या गाण्यात बी हाफ-डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर अशी चाल येते. त्या पहिल्या कॉर्डचे सूर बी, डी, एफ, ए. पंचम कोमल आहे, एफ. सवयीने डी तारेच्या चौथ्या फ्रेटवर बोट पडतं, कीबोर्डवाला तिसऱ्या फ्रेटचा एफ धरून बसलेला असतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. पन्नास हजारांचा बेस घेऊन ही चूक फक्त जास्त स्पष्ट ऐकू येईल.

दुसरं, बेसवाल्याच्या हातात कॉर्डचं नाव बदलण्याची ताकद असते हे थिअरीशिवाय कळत नाही. कीबोर्डवर ए, सी, ई, जी हे चार सूर दाबलेले आहेत. तुम्ही खाली ए वाजवला तर तो ए मायनर सेव्हन. सी वाजवला तर तोच सी सिक्स्थ. एफ वाजवला तर एफ मेजर नाइन्थ. हे घरी हार्मोनियमवर चार सूर दाबून कोणालाही ऐकता येईल, आणि एकदा ऐकलं की बेसकडे बघण्याची नजर बदलते. तसंच कॉर्डच्या चिठ्ठीवर 'जी, खाली बी' असं लिहिलेलं असतं तेव्हा सी–बी–ए अशी उतरती ओळ अरेंजरला (वाद्यांची मांडणी करणाऱ्याला) हवी असते. तिथे इमानदारीने जी वाजवणारा ती ओळ मोडतो.

मराठी घरात हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्यांना इथे आयती सुरुवात मिळते, पण ठेचही इथेच लागते. मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प, मायनर म्हणजे सा-कोमल ग-प, हे चटकन कळतं. अडचण अशी की रागसंगीतात सा अख्खं गाणंभर एकच असतो आणि कॉर्डमध्ये मूळ सूर प्रत्येक कॉर्डला बदलतो. सी पट्टीच्या गाण्यातला एफ कॉर्ड गाण्याच्या दृष्टीने म-ध-सा आहे, कॉर्डच्या दृष्टीने पहिला-तिसरा-पाचवा. दोन्ही हिशेब डोक्यात एकाच वेळी चालू ठेवायला सराव लागतो, आणि चांगला शिक्षक सर्वांत जास्त वेळ वाचवतो तो इथे.

किती थिअरी पुरे

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकावंच का, यावर वाद आहे. बीटल्सचा बेसवादक पॉल मॅकार्टनीला ते वाचता येत नाही, तर अमेरिकन बेसवादक कॅरोल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत लिहिलेली चिठ्ठी वाचत हयात घालवली. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक आले त्यामागेही हेच कारण होतं. चर्चच्या शाळांतून त्यांना नोटेशन आधीच येत होतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर लिहीत आणि समोरचे वाचून लगेच वाजवत. आज स्टेजवर कॉर्डचा कागद आणि कान यांवर भागतं. स्टुडिओत, चर्चच्या क्वायरमध्ये किंवा जहाजावरच्या बँडमध्ये काम करायचं असेल तर मात्र नोटेशन शिका. बेसचं लेखन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर केलेलं असतं, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवा.

बाकीच्यांसाठी आमची मर्यादा अशी: पहिल्या बारा फ्रेटवरचं प्रत्येक नाव, इंग्रजी आणि काळी-पांढरी दोन्ही. 'काळी पाच' म्हटल्यावर ई तारेच्या सहाव्या आणि ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर बोट विचार न करता जायला हवं. मग मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि हाफ-डिमिनिश्ड कॉर्डचे सूर. मग पट्टीतल्या सात कॉर्डना आकडे, म्हणजे गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तरी 'एक-सहा-दोन-पाच' तसंच राहतं. रोज वीस-पंचवीस मिनिटं दिली तर सहा-आठ महिन्यांचं काम. मोड (एकाच सप्तकातून निघणाऱ्या सात स्वरमाला), ऑल्टर्ड स्केल वगैरे जाझ संगीत वाजवायचं ठरेल तेव्हा. ट्रिनिटी किंवा आरएसएल या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा शिस्त लावतात, पण ठरलेली गाणी घोटून ग्रेड मिळवलेल्याला अनोळखी कॉर्डचा कागद वाचता येईलच असं नाही.

सरावाची एकच पद्धत सुचवतो. गाण्याचे कॉर्ड लिहा. पहिल्या फेरीत फक्त मूळ सूर. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कॉर्डला मूळ आणि तिसरा. तिसऱ्या फेरीत पुढच्या कॉर्डच्या मूळ सुरावर एक फ्रेट वरून किंवा खालून या, नेमके समेवर. हे सगळं पाच फ्रेटच्या पट्ट्यात, हात न सरकवता. जिथे हात सरकवावासा वाटतो तिथला सूर तुम्हाला दुसऱ्या तारेवर माहीत नाही असं समजा.

तरीही बेसच घ्यायचा असेल

नेक पिळला असेल, ट्रस रॉड फिरत नसेल किंवा पहिल्या पाच फ्रेटवर खाचा पडल्या असतील, तर शिकवणी थांबवून बेस घ्या. अशा वाद्यावर शिकताना हात चुकीची सवय धरतो. हा तिसरा अपवाद. सेकंडहँड घेताना जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटवर प्रत्येक सूर वाजवून किती टिकतो ते ऐका. तिथे एखादा सूर पटकन मरणं या धाटणीच्या बेसमध्ये नेहमीचं आहे, आणि कोणत्याही सेटअपने ते पुरतं जात नाही. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेकदा जाते. ट्रस रॉड मात्र विकणाऱ्यासमोर थोडा फिरवून बघाच, तो नको म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

शिक्षक निवडतानाही अशीच चाचणी घ्या. पहिल्याच दिवशी तुमच्या आवडीचं एक गाणं न्या आणि विचारा, 'सर, या तिसऱ्या कॉर्डवर मी मूळ सुराऐवजी दुसरं काय वाजवू शकतो, आणि का?' जो बेस हातात घेऊन दोन-तीन पर्याय वाजवून दाखवेल आणि प्रत्येकाने कॉर्ड कसा बदलला ते ऐकवेल, त्याच्याकडे पैसे भरा. जो फळ्यावर सात मोडची नावं लिहायला लागेल, त्याच्याकडे आणखी वर्षभर गेला नाहीत तरी चालेल.